मेलेल्या राजाच्या नावाने

सँडी क्रीक, केप कॉड
८ डिसेंबर १७६०

ती. जेरुशाताईच्या सेवेशी,
धाकट्या एलिफलेटचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या सुया, साखर आणि मोजे गलबतावरून सुखरूप पोचले. मोज्यांतला एक दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे. डॉर्कस म्हणाली, ताईंना हे कळवू नका. म्हणून कळवतो. बाकी आम्ही दोघं खुशाल आहोत. यंदा थंडी फार लवकर आली. जमीन अशी गोठली आहे की कुदळ मारली तर ठिणगी उडते.

हे जमिनीचं उगाच लिहिलं नाही. आपला गिरणीवाला असाहेल क्रोएल गेला, आणि त्याला पुरायला खड्डा खणता येत नाही. वादळानंतरच्या सकाळी तो गिरणीच्या चाकाखाली सापडला. डोक्याला मार होता. बर्फावरून पाय घसरला असेल, किंवा कोणी ढकललं असेल. गिरणीत तो आणि त्याची मोलकरीण थँकफुल लॉथ्रप, अशी दोघंच राहत. थँकफुलला आईबाप नाहीत, आणि असाहेल कसा माणूस होता ते मी तुला सांगायला नको. आदल्या दिवशी तिने गिरणीच्या दारात उभं राहून, हे चाक तुला गिळो, असं ओरडून म्हटलेलं चौघांनी ऐकलं. तिच्याविरुद्ध पुरावा म्हणशील तर एवढाच.

पण चर्चचे कारभारी बार्नाबस स्नो यांना तो पुरेना. आजीच्या तोंडून आपण ऐकायचो ती जुनी चाल त्यांनी काढली. खून झालेल्याच्या देहाला खुन्याने हात लावला की देहातून रक्त येतं. असाहेलला धान्याच्या खोलीत फळीवर ठेवलं आहे. सारं गाव रांगेने गेलं आणि प्रत्येकाने त्याच्या छातीला हात लावला. दंडाधिकारी म्हणून पहिला हात माझा. ताई, तो गार लागला यात नवल नाही. पण रिकामा लागला नाही. मालक आत आहे आणि दार उघडत नाही, अशा घराच्या दारावर हात ठेवावा, तसं वाटलं. रोजनिशीत मी ही खुळी समजूत आहे असं लिहिलं, मग ते खोडलं, कारण तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं.

कोणाच्याही हाताने रक्त आलं नाही. शेवटी थँकफुलची पाळी आली. तिने दोन्ही हात शालीखाली घेतले आणि ती मागे सरली. आता सगळ्यांचं म्हणणं असं की मी तिला राजाच्या नावाने हुकूम करावा. हुकूम केला आणि रक्त आलं, तर जिल्ह्याच्या तुरुंगाचा रस्ता, आणि त्यापुढे फास. हुकूम केला नाही तर गाव म्हणणार, राजाची सनद खिशात घेऊन हा खुन्याला पाठीशी घालतो. माझ्याजवळ दंडाधिकाऱ्यांसाठीचं एकच हातपुस्तक आहे. त्यात मोकाट डुकरांविषयी पुष्कळ आहे, मेलेल्यांच्या साक्षीविषयी काही नाही. भाऊजींची कायद्याची पुस्तकं तुझ्या पेटीत असतील. जरा पाहतेस?

मोज्यांच्या लांबीवरून रागावू नये आणि आहे ती माया तशीच ठेवावी.

तुझा,
एलिफलेट


बॉस्टन
१३ डिसेंबर १७६०

चि. एलिफलेट यास,
जेरुशाचे अनेक आशीर्वाद. डॉर्कसलाही, जरी ती माझ्या विणकामावर बोलते तरी.

लांब मोजा डाव्या पायाचा. कॉलेजातून आल्यापासून तू कुठल्याही निर्णयाकडे जाताना तो पाय मागे ओढतोस, म्हणून तिथे लोकर जास्त लावली.

ह्यांची पेटी उघडली. हे गेल्यावर आज पहिल्यांदा. उंदरांनी पुस्तकांच्या पाठी खाल्ल्या आहेत, पण आतलं वाचता येतं. तुझ्यासाठी जे सापडलं ते माझ्या भाषेत सांगते. लॅटिन तू लावून घे. पाचशे वर्षांमागे एका राजाकडून सरदारांनी कुरणात उभं करून सनद घेतली. तीत आहे की स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्यांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कोणी धरू नये, कोणी उद्ध्वस्त करू नये. दुसरी गोष्ट एका म्हाताऱ्या न्यायाधीशाची. राजा देवाच्या आणि कायद्याच्या खाली आहे, असं त्याने राजाला तोंडावर सांगितलं. राजा मूठ उगारून ओरडला, तसा म्हातारा घाबरून हातापायांवर पडला. समासात ह्यांचं अक्षर आहे: तो पडला, वाक्य उभं राहिलं. ते अक्षर पाहून मी जरा वेळ पेटी मिटून बसले होते.

तिसरी गोष्ट तुझ्या कामाची. कोणालाही स्वतःवर आरोप करायला भाग पाडता येत नाही. लंडनमध्ये माणसांनी पाठीवर फटके खाल्ले, पण स्वतःविरुद्ध शपथ घेतली नाही, तेव्हा कुठे हे ठरलं. आता मला सांग, तोंडाने बोलायला लावणं आणि हाताने बोलायला लावणं, यात फरक तो काय? आणि असाहेलला साक्षीदार करायचं, तर त्याला शपथ कोण देणार? त्याची उलटतपासणी कोण घेणार? जिवंतपणी तो चार माणसांत खोटं बोलायचा. मेल्यावर सुधारला असं स्नो महाशयांना कोणी सांगितलं?

आणखी एक. तुझ्या पत्रात सगळ्यांनी काय म्हटलं ते आहे, त्या पोरीने काय म्हटलं ते नाही. तिला विचारलंस का?

राजाच्या नावाचं एवढं ओझं घेऊ नकोस. तो म्हातारा लंडनला शेकोटीशी पाय शेकत बसला असेल. तुमचं सँडी क्रीक त्याला नकाशावर दाखवलं तरी दिसणार नाही. इतक्या दुरून त्याचं नाव घेऊन तुम्ही हुकूम वाचता, तेव्हा नेमकं कोण बोलत असतं, याचा मला नेहमी प्रश्न पडतो.

पत्राचं उत्तर पाठवणाऱ्या भावावर माझा जीव जास्त असतो, हे लक्षात असू दे.

जेरुशा


सँडी क्रीक
२० डिसेंबर १७६०

ती. ताईस,
एलिफलेटचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तरी तू सांगितलंस त्याच्या उलट केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल.

मी थँकफुलला विचारलं. ती म्हणाली, साहेब, हात माझा आहे. रक्त आलं तर तुम्ही मला फासावर द्याल आणि नाही आलं तर उद्या दुसऱ्या कशाला हात लावायला सांगाल. मी म्हटलं, तू निर्दोष असशील तर भ्यायचं कशाला?  तेव्हा ती म्हणाली की मी त्याला मारलं नाही, पण तो मेलेला पाहिला तेव्हा मला बरं वाटलं. मेलेल्या माणसाला यातला फरक कळतो का? ताई, त्या चालीवर तिच्याइतका विश्वास गावात कोणाचाच नाही. म्हणून तर ती हात लावत नाही.

इकडे गावाचं काही बरं नव्हतं. गिरणीला कोणी दाणे नेईना. पाणी अडवणारी झडप बंद असताना भरतीच्या वेळी चाक फिरतं, असं शेजारच्या बायका सांगू लागल्या. मी स्वतः भर दुपारी जाऊन उभा राहिलो. चाक फिरलं नाही, पण कण्हलं. रविवारी प्रार्थना झाल्यावर, राजाला दीर्घायुष्य चिंतून लोक उठले, आणि स्नो माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले की मेलेला हाक मारतो आहे आणि तुम्ही कानात बोटं घालून बसला आहात. ते रक्त मग साऱ्या गावाच्या माथी येतं. रागावून म्हणाले असते तर मी तोंड दिलं असतं. पण बोलताना ते गिरणीकडे पाठ करत नव्हते.

मी हुकूम लिहिला. बुधवारी दुपारी मृत्यूचं कारण ठरवायला नेमलेल्या पंचांना, स्नोंना आणि थँकफुलला घेऊन धान्याच्या खोलीत गेलो. भरती चढत होती. पायांखालच्या फळ्यांतून पाण्याचा आवाज येत होता. थँकफुल दारातच उभी होती, हात शालीत. मी वाचायला लागलो, ईश्वरकृपेने जॉर्ज, ग्रेट ब्रिटनचा राजा, याच्या नावाने आणि आज्ञेने. एवढं नाव उच्चारलं आणि गावचा शिपाई झिम्री हॉज मागच्या मागे भिंतीला टेकला. असाहेलच्या नाकपुडीतून रक्ताचा धागा ओठापर्यंत आला होता. काळा, सावकाश. मी पाहिला. कोणी सांगितलेलं लिहीत नाही.

मग एकच गलका झाला. स्नो म्हणाले, ती उंबऱ्याशी आली तेवढं पुरलं, हात लावायचीही गरज राहिली नाही. कोणी त्यांच्या विरुद्ध बोललं नाही. मीही नाही. रस्ता मोकळा झाला की तिला बार्नस्टेबलच्या तुरुंगात न्यायचं ठरलं आहे. नव्या वर्षाचा पहिला आठवडा जाईल. तोवर ती आमच्या माडीवर आहे. डॉर्कस तिला कालवांचं कालवण नेऊन देते आणि खाली आली की माझ्याशी बोलत नाही. वरून दिवसभर चरख्याचा आवाज येतो. फास समोर असताना कोणी सूत कसं काढतं? आणि काढलं नाही तर त्या हातांनी काय करावं?

तुला आवडणार नाही असं मी केलं आहे. तरी टाकून बोलू नकोस आणि टाकूही नकोस.

तुझा,
एलिफलेट


बॉस्टन
२८ डिसेंबर १७६०

चि. एलिफलेट,
घाईत आशीर्वाद घे. गलबत तासाभरात सुटतं आहे.

काल जहाज आलं. राजा मेला. बातमी पक्की आहे. घंटा वाजताहेत, दुकानांतून काळ्या फिती मिळेनाशा झाल्या. आणि मेला तो काल-परवा नाही. पंचवीस ऑक्टोबरला सकाळी.

हे वाचून तू थांबशील, तशी मीही थांबले. तुला पत्रात मी लिहिलं होतं की म्हातारा पाय शेकत बसला असेल. तेव्हा त्याला पुरूनही झालं होतं. आम्ही इथे दर रविवारी एका मेलेल्या माणसाच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करत होतो. न्यायालयात त्याच्या नावाने ललकारी होत होती आणि आम्ही उठून उभे राहत होतो. कोणासमोर?

आता तुझ्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. मेलेल्याचा हुकूम म्हणजे हुकूमच नव्हे, सुटलो बुवा. ती पळवाट नाही. ह्यांच्या जुन्या सोबत्याला विचारून आले. राजा गेला तरी त्याच्या सनदा सहा महिने चालतात, तसा कायदाच आहे. तुझा हुकूम चांगला जिवंत आहे. इथले व्यापारी मात्र आजपासून ते सहा महिने बोटांवर मोजू लागले. जकातीचे लोक ज्या परवान्याने कोणाच्याही घरात शिरतात, तो राजाच्या आयुष्याला बांधलेला आहे. नवा मागायला आले की अडवायचं, अशी कुजबुज आहे. म्हणजे बघ, तिकडे एका म्हाताऱ्याचा श्वास थांबतो आणि इकडे माझ्या दाराची कडी घट्ट होते. हे बरं वाटण्यासारखं आहे का भिण्यासारखं, मला कळत नाही.

पण मला खाली बसावं लागलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. तुझं वीस तारखेचं पत्र पुन्हा काढलं. तू लिहितोस, एवढं नाव उच्चारलं आणि रक्त आलं. पोरगी दारात होती. हात शालीत होते. एलिफलेट, असाहेल तिच्या हाताला बोललाच नाही. त्याला हाक मारली ती त्याच्यासारख्याच एका मेलेल्याने, तुझ्या तोंडून.

मी हे लिहिते आहे आणि मला माझंच अक्षर परकं वाटतंय. तू गिरणीत परत जा, तोच हुकूम पुन्हा वाच, आणि पोरीला घरी ठेवून जा.

माझा भरवसा तुझ्यावर आहे. त्याला धक्का लावू नकोस.

जेरुशा


सँडी क्रीक
८ जानेवारी १७६१

ती. ताईच्या चरणी,
एलिफलेटचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी पंचांना आणि स्नोंना बोलावून राजाची बातमी सांगितली. टोप्या उतरल्या. झिम्री म्हणाला, म्हणजे त्या बुधवारी तुम्ही कोणाच्या नावाने वाचत होता साहेब? मी म्हटलं, तेच बघायला जायचं आहे. थँकफुल घरी डॉर्कसजवळ राहिली.

दुपारची भरती चढत होती. खोली तशीच, फळ्यांखाली पाणी तसंच. असाहेलचा चेहरा झिम्रीने स्वच्छ पुसला आणि सगळ्यांनी पाहून घेतला. मी तोच हुकूम काढला. माझा आवाज मला ऐकू येत नव्हता, म्हणून मोठ्याने वाचला. नावापाशी आलो आणि रक्त आलं. पोरगी तिथे नव्हती, कोणी देहाला शिवलं नव्हतं. तोच काळा धागा, तीच नाकपुडी.

भरतीने फळ्या हलतात म्हणून येत असेल. आम्ही सात-आठ माणसं दाटीने उभी होतो, श्वासाच्या उबेने येत असेल. हे मी पंचांना सांगितलं आणि ते खरंही असेल. मग मी म्हटलं, खात्रीसाठी पुन्हा एकदा वाचतो. तेव्हा बार्नाबस स्नोंनी माझा दंड धरला आणि म्हणाले, नको साहेब, कृपा करा, त्याला परत नका बोलावू. ताई, पोरीला फासावर द्यायला निघालेला तो म्हातारा लहान मुलासारखा माझ्या बाहीला धरून होता. मी कागद मिटला. खरं सांगतो, स्नोंनी दंड धरला नसता तरी मिटला असता.

पोरीच्या हाताने काही सिद्ध झालं नाही, हे पंचांनी तिथेच मान्य केलं. मृत्यूचं कारण कळलं नाही, असा निवाडा देऊन त्यांनी सह्या केल्या. सुटकेचा कागद मात्र मला लिहायचा होता. बसलो. कोणाच्या नावाने लिहू? नव्या राजाचं घालावं म्हणून टाक बुडवला, तर त्याचंही नाव जॉर्ज. अक्षरं तीच. मेलेल्याला जे ऐकू आलं होतं तेच मी पुन्हा लिहिणार होतो, आणि या घडीला तो नवा तरी तिकडे जिवंत आहे की नाही, हे मला दोन महिन्यांनी कळणार. टाकाची शाई वाळली.

मग मला तुझा प्रश्न आठवला, तेव्हा नेमकं कोण बोलत असतं. ते दोन महिने मी मनात पुन्हा चालून पाहिले. राजाची खुर्ची आमच्यापुरती रिकामी होती आणि आम्हाला ते माहीत नव्हतं. तरी कोणी कोणाचं कुंपण मोडलं नाही. लग्नं लागली ती लागलेलीच आहेत. हद्दीची भांडणं मिटली ती मिटलेलीच आहेत. त्या नावामागे कोणी नव्हतं, तरी काहीतरी होतं आणि त्याने सगळं धरून ठेवलं होतं. या विचाराने मला हायसं वाटायला हवं होतं. ज्या घरात आपण जन्मभर एका मालकाला नमस्कार करत आलो तिथे मालक नव्हताच, आणि तरी दिवे वेळेवर लागत होते, असं कळल्यावर जसं वाटेल, तसं वाटलं.

मी लिहिलं, देशाच्या कायद्याप्रमाणे थँकफुल लॉथ्रप हिला सोडण्यात येत आहे. तिला स्वतःविरुद्ध तोंडाने वा हाताने साक्ष द्यायला कोणीही भाग पाडू नये. स्नोंनी वाचून विचारलं की हा कायदा राहतो कुठे, आणि याच्यासाठी आम्ही रविवारी काय मागावं. चेष्टा नव्हती त्यांच्या आवाजात.  धान्याच्या खोलीत जाऊन तोही कागद मी मोठ्याने वाचला. असाहेल गप्प राहिला.

राजाचं नाव नसलेला हुकूम बॉस्टनला पोचला की माझी सनद नवी होणार नाही, हे तू मला कळवण्याआधी मीच कळवतो. डॉर्कस पुन्हा बोलू लागली आहे. त्या बदल्यात सनद फार नाही.

आता शेवटचं. कागद दिल्यावर थँकफुलने तो शालीत ठेवला. मावशीकडे प्लिमथला जाते म्हणाली. मग दारात वळली आणि विचारलं, जाण्याआधी मी गिरणीत एकटी जाऊन येऊ का? मी म्हटलं, कशाला, आता तुला कोणी सांगत नाही. ती म्हणाली, म्हणूनच.

मला नकार देववला नाही, आणि माझा तो अधिकारही नव्हता. मी तिच्यासोबत गिरणीपर्यंत गेलो आणि बाहेर उभा राहिलो. ती आत गेली. दार तिने आपल्यामागे लावून घेतलं. चाक स्थिर होतं, पाणी ओहोटीला लागलं होतं, आणि इतकी शांतता होती की आत कोणी बोललं असतं तर मला ऐकू आलं असतं. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. हात शालीखाली होते.

दार उघडंच राहिलं होतं. असाहेलची फळी तिथून दिसते. मान वळवली असती तर रक्त आलं की नाही ते कळलं असतं. ताई, एवढी मान वळवण्याच्या मोहाइतका मोठा मोह मला आयुष्यात कधी झाला नाही. मी आत न पाहता, पाठमोरा राहून दार ओढून घेतलं आणि कडी घातली. पुढचे दोन दिवस झिम्रीला आणि मलाही गिरणीत जायची बंदी केली. कायद्याचं हे माझं शेवटचं काम. तिसऱ्या दिवशी जमीन थोडी सैल झाली, तेव्हा असाहेलला चादर न उघडता पुरलं.

ती निरोप घेताना म्हणाली, तुम्ही विचारत नाही साहेब? मी म्हटलं, नाही.

तूही विचारू नकोस. बाकी रागाव, चिडव, हवं तर मोजे आखूड विण. फक्त धाकट्या भावाला पत्रं लिहायचं सोडू नकोस.

तुझा,
एलिफलेट